सगळे एकदम नको

चार माणसांना मलिहाबादला आंब्याच्या बागेत जायचं होतं आणि श्रीरंग हळब्यांनी त्यासाठी चार वाहनं ठरवली होती. शनिवारी सकाळी पुऱ्या तळून होत आल्या तेव्हा त्यांनी हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. सुरेखाबाईंनी गॅस बंद केला. आदल्याच दिवशी याच दारात उभं राहून याच माणसाने, "बरं, एकाच गाडीने जाऊ," असं कबूल केलं होतं.

"अहो, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. पण आजचा पेपर बघ. लग्नाला निघालेलं अख्खं घर, एकच गाडी. कुणी उरलं नाही."

सुरेखाबाईंनी पेपर बघितला नाही. त्यांनी तो पुऱ्यांखाली अंथरला.

श्रीरंगराव मूळचे सांगलीचे. बँकेच्या नोकरीत फिरत फिरत लखनौला आले, जानकीपुरममध्ये घर बांधलं आणि गेल्या वर्षी इथेच रिटायर झाले. बँकेत तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक हेड कॅशियरकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. नोकरीच्या सुरुवातीला श्रीरंगराव एका लहान गावच्या शाखेत होते. तिथले मॅनेजर आणि हेड कॅशियर कुणाच्या तरी बारशाला एकाच स्कूटरवरून गेले आणि नाल्यात पडले. दोघांचे पाय मोडले, दोन्ही किल्ल्या गाळात गेल्या, आणि पगार घ्यायला आलेल्या अख्ख्या गावाला तोंड द्यायला काउंटरवर एकटे श्रीरंगराव उरले. गावाने त्या दिवशी त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी बायकोलाही कधी पूर्ण सांगितलं नाही.

तेव्हापासून दोन किल्ल्या एका गाडीत नाहीत, हा त्यांचा नियम झाला. लग्न झालं तशी माणसंही नियमात आली. नैनितालला मधुचंद्राला जाताना सुरेखाबाई पहिल्या बसने आणि श्रीरंगराव मागच्या बसने गेले. मागची बस घाटात बिघडली. नव्या बांगड्या घातलेल्या एकट्या मुलीला हॉटेलवाला खोली देईना, म्हणून सुरेखाबाई संध्याकाळपर्यंत पोर्चमध्ये ट्रंकेवर बसून राहिल्या. पुढे मुलं झाली. सांगलीला जायचं तर आज समीरला घेऊन ही, उद्या पूर्वाला घेऊन हे. जेवायला हजरतगंजला जायचं तरी दोन रिक्षा. कुणी कारण विचारलं की श्रीरंगराव शांतपणे म्हणत, "सगळे एकदम नको."

घराच्या दारालासुद्धा त्यांनी दोन कुलुपं बसवून घेतली होती, एकाची किल्ली यांच्याकडे, दुसऱ्याची तिच्याकडे. आधी येईल त्याने पायरीवर बसून दुसऱ्याची वाट बघायची. आधी येणाऱ्या नेहमी सुरेखाबाई असत.

असल्या संसारात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. पूर्वा रविवारी नेदरलँड्सला चालली होती, तिकडच्या एका विमा कंपनीत. समीर नोएडाहून दोन दिवसांसाठी आला होता. पुन्हा चौघं एका जागी कधी येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नसीम मियाँ हे श्रीरंगरावांचे बँकेतले जुने ग्राहक. दर जूनमध्ये ते आपल्या बागेत दशहरी आंबे खायला बोलवायचे. तर तिथे एकदा, एकाच गाडीत, खिडक्या उघड्या टाकून चौघांनी जायचं, एवढंच मागणं होतं. सुरेखाबाईंनी त्यासाठी अमीनाबादेतून फिकी पिवळी साडीसुद्धा आणली होती.

पूर्वाने बापाला समजावून पाहिलं. नव्या नोकरीत तिचं कामच मुळी धोका मोजण्याचं होतं. लखनौत वाढलेली मुलगी, तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं.

"बाबा, चार गाड़ियाँ मतलब एक्सीडेंट का चांस चार गुना."

"आणि नुकसान पाव. हिशेब तोच झाला."

"तो फिर फ़ायदा क्या हुआ?"

"सगळे एकदम नको."

या उत्तरापुढे तिचं शिक्षण संपलं. समीर म्हणाला, छोड़ ना यार, जेवायचं तर बागेतच आहे. सुरेखाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना इतकं वाईट वाटलं होतं की भांडायचीही इच्छा राहिली नव्हती.

मग व्यवस्था झाली. समीरने मोटारसायकलवर पुढे जायचं. त्याच्यामागे पूर्वाने घरच्या गाडीने. तिच्यामागे सुरेखाबाईंनी नाक्यावरच्या टॅक्सीत, डब्यासकट. सगळ्यात शेवटी श्रीरंगराव बसने, कारण मॅनेजर कुलूप लावून शेवटी निघतो. प्रत्येकाच्या मध्ये भरपूर अंतर ठेवायचं, म्हणजे एकाच्या अपघातात दुसरा सापडणार नाही. समीरच्या टाकीत पेट्रोल फक्त जाण्यापुरतं ठेवण्यात आलं, कारण पेट्रोल जास्त तर आग जास्त. पूर्वाच्या गाडीच्या डिकीतून जॅक आणि पाना काढून माळ्यावर ठेवण्यात आला, कारण गाडी आपटली की सुटं लोखंड उडतं. हळब्यांच्या घरातून एकेक माणूस तोंड पाडून वेगवेगळ्या वाहनात बसतंय हे बघून शेजारच्या तिवारीजींना वाटलं, बहुतेक वाटणी झाली.

टॅक्सी बरी होती. चालवणारा वयस्क होता, गाडी सावकाश आणि सफाईने नेत होता. शहर मागे पडायच्या आधीच त्याचा फोन वाजला. बसस्टॉपवरून श्रीरंगराव बोलत होते. "भैया, चालीस के ऊपर मत जाना." तो जी म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा फोन. ट्रकला ओव्हरटेक करू नये. तो पुन्हा जी म्हणाला. मग ब्रेक कसे आहेत, चष्मा आहे का, झोप नीट झाली का. दुबग्गा ओलांडल्यावर, समोरून वाळूचा ट्रक येत असताना, आणखी एकदा फोन आला.

"भैया, एक बात कहनी रह गई. गाड़ी चलाते समय फ़ोन पर बात मत करना."

ट्रक अगदी अंगालगत निघून गेला. टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली, फोन बंद केला, मागे वळून हात जोडले.

"माताजी, बीस साल में खरोंच नहीं लगने दी. आज साहब हमको मरवा देंगे. आप यहीं उतर जाइए. पैसा नहीं चाहिए."

सुरेखाबाईंना त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी त्या असत्या तर केव्हाच उतरल्या असत्या. डबा घेऊन त्या रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

तिकडे पुढे, काकोरीच्या अलीकडे, पूर्वाच्या गाडीचं चाक बसलं. तिने डिकी उघडली तेव्हा स्टेपनी होती, पण ती चढवायला लागणारं सगळं जानकीपुरमच्या माळ्यावर सुरक्षित होतं. तिने समीरला फोन केला. तो बिचारा मलिहाबादला पोचत आला होता, तो मागे फिरला. पेट्रोल जाण्यापुरतंच असल्यामुळे ते मागे येताना संपलं. जूनच्या उन्हात मोटारसायकल ढकलत तो बहिणीपर्यंत आला तेव्हा तो घामाने निथळत होता. दोघं भावंडं गाडीच्या अर्ध्या सावलीत बसून राहिली.

श्रीरंगराव बसमधून उतरले ते थेट कडुलिंबापाशी. बायको धडधाकट आहे हे त्यांनी पाहिलं. मग वर पाहिलं.

"एकाच झाडाखाली नको," ते म्हणाले. "फांदी पडली तर."

आणि ते दूर जाऊन उन्हात उभे राहिले. सुरेखाबाई सावलीत, हे डांबराच्या कडेला. फांदी हलतही नव्हती. ट्रक मात्र श्रीरंगरावांच्या कोपराला वारा घालत जात होते, आणि त्यांची नजर फांदीवर होती. थोड्याच वेळात त्यांचा शर्ट भिजून पाठीला चिकटला आणि चेहरा विटेसारखा झाला. सुरेखाबाईंनी पाण्याची बाटली मध्येच जमिनीवर ठेवली आणि त्या मागे सरकल्या, तेव्हा कुठे त्यांनी ती उचलली.

इतक्यात पूर्वाचा फोन आला आणि पुढची हकीकत कळली. दुसरी टॅक्सी मिळेना. रिकामे क्रेट घेऊन मंडीतून परत चाललेला एक पिकअप तेवढा थांबला. पुढे दोन माणसं आणि एक पोतं बसलेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, मलिहाबाद जाना है तो पीछे बैठ जाइए. सुरेखाबाईंनी डबा वर चढवला, साडी खोचली, आणि चाकावर पाय देऊन त्या चढल्या.

"तू हो पुढे," श्रीरंगराव म्हणाले. "मी मागच्या गाडीने येतो."

सुरेखाबाईंनी क्रेटला धरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"अहो, अठ्ठावीस वर्षं तुम्ही मागच्या गाडीने येताय. नैनितालला मी ट्रंकेवर बसले होते. पूर्वाच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मी रिक्षात आणि तुम्ही मागून सायकलवर. एकत्र मेलो असतो तर एकदाच मेलो असतो. हे वेगवेगळं जगणं मात्र रोज झालं."

श्रीरंगरावांनी तोंड उघडलं. तोंडात तेच नेहमीचं वाक्य होतं, पण ते बाहेर येईना.

"अंकल जी, बैठना है कि नहीं?" ड्रायव्हरने विचारलं.

ते चढले. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा-बायको एका वाहनात शेजारी बसली, आणि ते वाहन हे असं होतं. बसायला सीट नाही, पट्टा नाही, फळी आंब्याच्या चिकाने चिकट झालेली, आणि ड्रायव्हर एका हाताने चालवत दुसऱ्या हाताने फोनवर कुणाशी तरी भावाची घासाघीस करतोय. श्रीरंगरावांनी डोळे मिटले आणि बायकोचा हात असा धरला की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. 

काकोरीपाशी पोरं दिसली. गाडीला कुलूप लावून ती पिकअपमध्ये चढली, आणि मोटारसायकलही वर घेऊन दोरीने बांधली. आता मागे चौघं, क्रेट, आणि दर खड्ड्याला त्यांच्या अंगावर कलणारी एक मोटारसायकल होती. श्रीरंगरावांना ज्या गोष्टीची जन्मभर भीती वाटली ती सगळीच्या सगळी एका गाडीत भरली होती. समीरने डबा उघडला. पुऱ्यांखालचा पेपर वाऱ्याने उडून गेला, तो कुणी अडवला नाही. पूर्वाने हात लांब करून फोटो काढला. त्यात तिघं हसताहेत आणि चौथ्याचे डोळे मिटलेले आहेत. हळब्यांच्या घरात चौघांचा प्रवासातला हा एकच फोटो आहे.

बागेत नसीम मियाँ फाटकापाशीच उभे होते. पिकअपमधून खानदान उतरताना पाहून ते म्हणाले, "वाह जनाब, आज तो पूरे के पूरे एक साथ तशरीफ़ लाए." मग त्यांनी पाण्याच्या बादलीत बुडवलेले दशहरी पुढे ठेवले. पोरं कोपरापर्यंत रस ओघळवत खात होती. सुरेखाबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. श्रीरंगरावांच्या हातात आंबा तसाच होता. ते पूर्वाकडे बघत होते. उद्या या वेळी ती विमानात असेल, समीर नोएडाच्या वाटेवर. सगळे एकदम जाऊ नयेत म्हणून आपण इतकं जपलं, आणि ही तर एकेक करून चालली. याची तरतूद त्यांना ठाऊक असलेल्या एकाही नियमात नव्हती. त्यांना भयंकर एकटं वाटलं, आणि त्यांनी न विचारता सुरेखाबाईंच्या ताटातली फोड उचलून खाल्ली.

परतीला नसीम मियाँनी ड्रायव्हरसकट जीप दिली, जॅकही दिला, आणि वर पेटीभर आंबे; मोटारसायकल बागेतच राहिली. गाडीचं चाक बदलून ती समीरने आणली. श्रीरंगराव जीपमध्ये मायलेकींच्या मध्ये बसले. "एक चाबी पीछे रह गई," मागून येणाऱ्या समीरच्या गाडीकडे बघत पूर्वा हळूच म्हणाली. त्यांनी ऐकलं नाहीसं दाखवलं.

रविवारी विमानतळाला जायला एकच गाडी मागवायची, असं त्यांनी स्वतः सांगितलं. सुरेखाबाईंचा विश्वास बसेना. गाडी आली, चौघं बसली, आणि वाटेत श्रीरंगरावांनी ड्रायव्हरला एक अक्षर सांगितलं नाही. फक्त गुडघे घट्ट धरून ठेवले होते. विमानतळाच्या दारात पूर्वाला निरोप द्यायला ते तिच्याजवळ गेले. सुरेखाबाईंनी जरा दुरून पाहिलं, श्रीरंगरावांनी लेकीच्या मुठीत काहीतरी ठेवलं आणि मूठ आपल्या हातांनी मिटली. पूर्वा एकदम बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली. सुरेखाबाईंनाही रडू आलं. या माणसाला हे सुचेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

समीर तिथूनच मेट्रोने चारबाग स्टेशनला गेला, कारण त्याची गाडी संध्याकाळची होती. परतीच्या टॅक्सीत मागच्या सीटवर नवरा-बायको दोघंच. सुरेखाबाईंनी खिडकी उघडली. पोरं गेली होती, आणि तरी शेजारी हा माणूस बसलेला होता याचं त्यांना बरं वाटत होतं. उशिरा का होईना, मिळालं. घरी पोचल्यावर दाराशी कुणी कुणाची वाट बघायची नव्हती. कालची जीप सोडली तर दोन्ही किल्ल्या एकाच वेळी दाराशी येण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांनी आपलं कुलूप उघडलं आणि बाजूला झाल्या. श्रीरंगराव दारावरची नावाची पाटी वाचू लागले. खिशात हात घालेनात.

एवढ्यात सुरेखाबाईंच्या फोनवर विमानातून पूर्वाचा मेसेज आला. आई, बाबा ने घर की चाबी दे दी मुझे. बोले, तेरे पास सेफ़ रहेगी. अब फ़ोन बंद कर रही हूँ, प्लेन उड़ने वाला है. सुरेखाबाईंनी तो दोनदा वाचला.

"तुम्ही किल्ली तिला दिलीत?"

"येताना आपण दोघं एका गाडीत बसणार होतो," श्रीरंगराव पाटीकडेच बघत म्हणाले. "माणसं बसली ते ठीक. पण दोन किल्ल्या एका गाडीत कशा आणणार? काल चुकून आल्या. एरवी अठ्ठावीस वर्षांत..."

"अहो, पण ती नेदरलँड्सला चाललीय."

"तीच म्हणते, विमान सगळ्यात सुरक्षित असतं. मी पहिल्यांदाच तिचं ऐकलं."

सुरेखाबाई पायरीवर बसल्या. हसावं की रडावं त्यांना कळेना, म्हणून त्यांनी लेकीला उत्तर लिहिलं: जपून ठेव. आत पेटीभर आंबे पिकत होते आणि त्यांची किल्ली ढगांच्या वर होती. श्रीरंगरावांनी चावीवाल्याला फोन केला. तो अलीगंजहून यायचा होता, वेळ लागणार होता.

पायरी एकच होती. श्रीरंगराव उभे राहिले, त्यांनी सवयीने वर सज्जाकडे पाहिलं, मग फाटकापाशी उन्हाची जागा पाहिली.

"सज्जा पडला तर?" सुरेखाबाईंनीच विचारलं.

"पडू दे," श्रीरंगराव म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले.